काउंटरवर उलटून बघितलेली लेव्हल

मी सुतार. लेव्हल, म्हणजे आडवं-उभं तपासायची, ट्यूबमध्ये बबल असलेली पट्टी, घ्यायला गेलो की मी दुकानदाराला आधी काउंटर मोकळं करायला लावतो. आपल्याकडं सोलापुरात हार्डवेअरच्या बऱ्याच दुकानांत काउंटरवर जाड काच असते आणि काचेखाली बिजागऱ्या, कड्या, हँडलं मांडून ठेवलेली असतात. लेव्हल तपासायला त्या काचेसारखी जागा नाही. काच लेव्हलमध्ये असायलाच पाहिजे असं नाही, सपाट असली की पुरे. तिच्यावर लेव्हल ठेवायची, दोन्ही टोकांशी पेन्सिलीनं खूण करायची, बबल थांबू द्यायचा आणि तो कुठल्या रेघेकडं किती सरकलाय ते डोळे बरोबर वर आणून बघायचं. मग लेव्हल उचलायची, डावं टोक उजवीकडं करायचं आणि नेमकी त्याच खुणांवर परत ठेवायची. पहिल्यांदा बबल माझ्या डाव्या हाताकडं दोन केस सरकला असेल, तर आताही तो डाव्या हाताकडंच आणि तेवढाच सरकायला हवा. बाजू बदलली किंवा अंतर कमीजास्त झालं, की ती लेव्हल परत खोक्यात.

"अण्णा, नवीकोरी आहे. प्लॅस्टिक तुमच्यासमोरच फोडलं की," असं ऐकायला मिळतंच. नवी आहे हे मलाही दिसतं. पण आतली काचेची किंवा अॅक्रिलिकची ट्यूब पट्टीत बसवताना कुणाचा तरी हात किंवा कुठलं तरी यंत्र चुकू शकतं, ट्रकमधून येताना खोकं आपटू शकतं. माझ्यासमोर एकाच खोक्यातल्या, एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या पट्ट्यांपैकी काही खऱ्या निघाल्यात आणि काही नाहीत. म्हणून कुठल्या कंपनीची घेऊ, असं कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, दुकानात उलटून बघू देतात का? देत नसतील तर दुसरं दुकान बघ.

एवढा आग्रह धरायला कारण आहे. सुताराच्या पेटीत स्वतःची परीक्षा स्वतःच देऊ शकतील अशी हत्यारं फार नाहीत. टेपचंच बघा. दोन टेप एकमेकांशी जुळले नाहीत तर खोटा कोणता, हे त्या दोघांना कितीही विचारलं तरी कळत नाही, त्यासाठी खात्रीची तिसरी पट्टी लागते. गुण्या मात्र उलटून तपासता येतो. प्लायच्या सरळ कडेला लावून रेघ मारायची, गुण्या पलटी करून त्याच जागी दुसरी रेघ मारायची. दोन्ही एकावर एक बसल्या तर काटकोन खरा. आणि लेव्हल. लेव्हलला तर पृथ्वीची ओढच साक्षीला असते, आणि ती कारखान्यातून येत नाही. उलटून ठेवलं की पट्टीतली खोट उघडी पडते, तीही दुप्पट होऊन. म्हणजे एका बाजूनं बबल नेमका मधे आणला आणि पट्टी फिरवल्यावर तो दोन मिलिमीटर सरकला, तर त्यातला एक मिलिमीटरच पट्टीचा दोष. बाकीचा एक मिलिमीटर उतार आपणच बबल मधे आणण्याच्या नादात तयार केलेला असतो. खरी लेव्हलरेषा त्या दोन वाचनांच्या बरोबर मधे. अडीनडीला हे माहीत असलेला माणूस खोट्या लेव्हलनंही खरं काम करू शकतो. प्रत्येक वेळी दोन्हीकडून ठेवायची आणि मधलं धरायचं. रोजच्या कामात एवढी सवड कुणाला असते? म्हणून घेतानाच खरी घ्यायची.

उभ्या ट्यूबची परीक्षा लोक विसरतात. दुकानात आडवी बघतात आणि पैसे देतात. दाराची चौकट मात्र उभ्या ट्यूबवर बसते. ती तपासायला भिंत लागते. पट्टी भिंतीवर चपटी धरायची, उभा बबल मधे आणायचा आणि तिच्या कडेनं वरपासून खालपर्यंत रेघ ओढायची. मग वरचं टोक वरच ठेवून पट्टी पुस्तकाचं पान उलटावं तशी पलटायची, तीच कड रेघेला दुसऱ्या बाजूनं लावायची. बबल परत मधे आला तर ठीक. भिंतीवर रेघा मारू देणारा दुकानदार विरळा, म्हणून ही परीक्षा मी घरी येऊन लगेच करतो आणि पावती तोपर्यंत खिशात ठेवतो.

अचूकपणाचा आकडा पट्टीच्या अंगावर किंवा खोक्यावर छापलेला असतो. चांगल्या लेव्हलवर मीटरला ०.५ मिलिमीटर असं लिहिलेलं सापडतं. जर्मनीची स्टॅबिला ही १८८९ सालची कंपनी तोच आकडा ०.०२९ अंश असा देते. आपल्या कामात याचा अर्थ काय? सात फुटांची चौकट म्हणजे साधारण २.१ मीटर, तिथं जास्तीत जास्त एक मिलिमीटर इकडंतिकडं. दहा फुटांच्या ओट्याखालची कपाटं म्हणजे तीन मीटर, तिथं दीड मिलिमीटर. पट्टी मीटरला एक मिलिमीटरवाली असेल तर त्याच ओट्यावर तीन मिलिमीटर. शटरांमधली, म्हणजे कपाटाच्या दारांमधली फट आपण दोन-तीन मिलिमीटरच ठेवतो. एवढा फरक तिथं आला की गिऱ्हाइकाला आकडा माहीत नसला तरी काहीतरी बिघडलंय हे पहिल्या नजरेत दिसतं.

आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा कागद लावून बघावं. झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. दोन फुटी, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या पट्टीच्या एका टोकाखाली असे तीन कागद सरकवले की बरोबर मीटरला अर्धा मिलिमीटर उतार तयार होतो. तेवढ्यानं बबल डोळ्यांना दिसेल इतका हलला पाहिजे. काही पट्ट्यांमध्ये तीन कागदांनी बबल ढिम्म राहतो. ट्यूबची आतली गोलाई जास्त असली की असं होतं, बबल आळशी होतो. अशी पट्टी उलटून बघितली तरी खरी वाटते, कारण तिला लहान फरक कळतच नाही. म्हणून उलटणं आणि कागद, दोन्ही परीक्षा लागतात.

मग जितका चपळ बबल तितकं चांगलं का? इथं माझं मत वेगळं आहे, आणि ते वडलांच्या पेटीमुळं बनलं. ते यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्याकडं मशिन बसवायची लेव्हल होती, बिडाची, वजनदार, खाली इंग्रजी व्हीसारखी खाच असलेली, आणि ती फेल्ट लावलेल्या लाकडी पेटीत राहायची. अशा लेव्हलचा एक भाग म्हणजे मीटरला ०.०२ मिलिमीटर. आपल्या लाकडी कामाच्या चांगल्या पट्टीपेक्षा पंचवीसपट बारीक. माग लेव्हलमध्ये नसला तर थरथरतो, बोल्ट ढिले पडतात, झीज एकाच बाजूला होते. त्यामुळं त्यांना ती लागायचीच. तीच मी माझ्या टेबलावर ठेवली की बबल थांबायलाच तयार नसतो, शेजारून माणूस चालत गेला तरी सरकतो. लाकूड हलतं, प्लाय वजनाखाली वाकतो, श्रावणात सागवान फुगतं. तिथं इतकी नाजूक लेव्हल म्हणजे वेळेचा नाश. सुताराला मीटरला अर्ध्या मिलिमीटरची पट्टी बास. त्याहून बारीक घेण्यात पैसे घालवू नयेत, आणि त्याहून जाडी घेऊन वाचवूही नयेत.

लांबीबद्दल मात्र हात आखडता घेऊ नये. बाजारात ९ इंचांपासून ४८ इंचांपर्यंत आणि पुढं ६ फुटांपर्यंत पट्ट्या मिळतात. नवीन पोरं सुरुवातीला १२ इंची घेतात, कारण ती पिशवीत मावते. ती भिंतीवरच्या फळीला ठीक. पण सात फुटी चौकटीवर १२ इंची पट्टी लावली तर ती फक्त त्या फुटाचं सांगते. चौकटीचं लाकूड मधे जरा पोटात आलं असेल तर वर एक बबल, खाली दुसरा, मधे तिसरा. चौकटीला चार फुटी लागते, आणि त्याहून चांगलं म्हणजे चार फुटीच्या मागं रंधून सरळ केलेली सहा फुटी सागाची पट्टी. बिजागरीच्या बाजूचं उभं लाकूड दोन्ही अंगांनी ओळंब्यात, म्हणजे बरोबर उभं हवं, भिंतीच्या रेषेत आणि तिला आडवंही. दुसऱ्या अंगाकडं दुर्लक्ष झालं की दार अर्धवट ठेवलं तरी आपोआप उघडत जातं किंवा मिटत जातं. मग लोक बिजागरीत कागद घालतात, चुंबक लावतात, दाराशी दगड ठेवतात. पहिल्या दिवशी एक पाचर नीट ठोकली असती तर यातलं काही लागलं नसतं. माझ्याकडं दोन फुटी आणि चार फुटी अशा दोन पट्ट्या नेहमी असतात. एकच परवडत असेल तर दोन फुटी घ्यावी, तीही पेटीसारख्या चौकोनी पोकळ अॅल्युमिनियमची. आय आकाराची स्वस्त पडते, पण पिळली लवकर जाते. खालची कड नुसती रंगवलेली नसावी, मशिनवर घासून सरळ केलेली असावी. रंगाचा थर सगळीकडं सारखा बसत नाही. चुंबकाची पट्टी फॅब्रिकेशनवाल्यांना द्या. आपल्या कामात तिला स्क्रूचा चुरा आणि खिळ्यांच्या टोकांचे तुकडे चिकटतात, आणि खाली चिकटलेला एक कण पुरतो.

कणावरून फेविकॉलची गोष्ट आली. वाळलेला फेविकॉलचा थेंब पारदर्शक असतो, डोळ्यांना दिसत नाही. अंगठ्याचं नख कडेवरून एकदा ओढलं की कळतं. अर्ध्या मिलिमीटरचा थेंब दोन फुटी पट्टीच्या टोकाशी असला तर पट्टी खरी असूनही मीटरला ०.८ मिलिमीटर खोटं बोलते. माझ्याकडच्या पोरांना मी हेच पहिलं शिकवतो. पट्टी हातात घेतली की आधी नख, मग बबल.

सोलापूरच्या उन्हाचाही हिशोब ठेवावा लागतो. ट्यूबमध्ये पाणी नसतं, अल्कोहोल किंवा तसलंच पातळ तेल असतं, कारण ते न चिकटता वाहतं आणि थंडीत गोठत नाही. पण तापलं की ते पाण्यापेक्षा जास्त फुगतं, आणि ते फुगलं की बबलला जागा कमी उरते. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो. तेव्हा टेम्पोत ठेवलेली पट्टी बाहेर काढली की बबल आखडून दोन रेघांच्या मधे लहानसा उरलेला असतो. संक्रांतीच्या सुमाराला सकाळी त्याच पट्टीत तो लांब होऊन रेघांना टेकतो. यात पट्टी बिघडलेली नसते. एकाच रेघेला बबल टेकला का हे बघून काम करणारे उन्हाळ्यात फसतात. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आहे का, हे बघायचं. आणि पट्टी सावलीत ठेवायची, उन्हातून आणली तर थोडा वेळ जाऊ द्यायचा. ट्यूब कशी आहे हेही घेतानाच विचारावं. जुन्या पद्धतीच्या, नुसत्या वाकवलेल्या काचेच्या नळीत बबल एकाच बाजूनं नीट चालतो. आतून पिंपासारखी मधे फुगीर घडवलेली ट्यूब उलटी धरली तरी वाचता येते. पोटमाळ्याच्या खालच्या अंगाला पट्टी टेकवून बघायची असेल तर ही दुसरीच कामाची.

ही बबलची युक्ती काढली मेल्किसेदेक तेव्हेनो नावाच्या फ्रेंच माणसानं, १६६१ च्या आसपास. म्हणजे शिवरायांचा राज्याभिषेक व्हायला अजून तेरा वर्षं होती. त्याआधी जगभरच्या सुतार-गवंड्यांकडं होता तो ओळंबा आणि पाणी. लाकडाच्या तिकोनी सांगाड्याच्या मधून ओळंबा सोडायचा, दोरा खालच्या आडव्या पट्टीवरच्या खुणेवर आला की पाया लेव्हलमध्ये. या पद्धतीनं केवढी बांधकामं उभी राहिली, आणि टिकलीही. म्हणून मी ओळंबा पेटीतून काढलेला नाही. उभ्या ट्यूबबद्दल शंका आली की शेवटचा शब्द त्याचाच. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारी माणसं बघितलीत ना? एवढी उंच काठी, पण कलायला लागायच्या आधीच त्यांच्या कमरेला कळतं. आधी सराव करतात ते याच्यासाठीच. हा अंदाज लाकडाच्या कामातही येतो, पण अर्धा मिलिमीटर कुणाच्या कमरेला कळत नाही.

मोबाईलचं थोडक्यात सांगतो. फोनमधली लेव्हल बहुतेक वेळा पूर्ण अंशात आकडा दाखवते. एक अंश म्हणजे मीटरला साडेसतरा मिलिमीटर. दहा फुटी ओट्यावर पाच सेंटिमीटर. फोटोची चौकट लावा, ओट्याला लावू नका. आकडे दाखवणाऱ्या डिजिटल पट्टीवर ०.१ अंश बघून लोक खूश होतात, पण तोही मीटरला पावणेदोन मिलिमीटर होतो, साध्या चांगल्या बबलपेक्षा साडेतीनपट जाडा. हिरव्या किरणांची लेझर मात्र मला आवडते. खोलीभर एकच रेघ पडते आणि हात मोकळे राहतात. फक्त तिलाही समोरच्या भिंतीवर फिरवून, खुणा करून तपासावं लागतं. ती स्टँडवरून पडल्यावर तर नक्कीच.

लांब अंतराला माझी भिस्त अजून पाण्याच्या पारदर्शक नळीवर आहे. दोन खोल्यांच्या पलीकडं, कोपरा वळून, पट्टी किंवा किरण जिथं पोचत नाही तिथं पाणी जातं. नळीत हवेचा फुगा अडकू द्यायचा नाही, आणि एक टोक उन्हात, दुसरं सावलीत असं ठेवायचं नाही. एका बाजूच्या मीटरभर उंच पाण्यात दहा अंशांचा फरक पडला तर पातळीत सुमारे तीन मिलिमीटरचा फरक येतो. गच्चीवर, दुपारी, हे सहज घडतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं, त्या घरांकडं येतो. आपल्याकडच्या जुन्या पेठांमध्ये अजून माळवदाची घरं आहेत. तुळया, वर किलचानं म्हणजे लाकडी फळकुटं, त्यावर मातीचा थर, आणि पावसाचं पाणी जावं म्हणून वरच्या पृष्ठभागाला मुद्दाम दिलेला उतार. खाली शहाबादी फरशी, तीही मोरीकडं उतरलेली. भिंती दीड-दोन हात जाड आणि वर जाता जाता आत आलेल्या. अशा एका घरात पूर्ण भिंतीचं कपाट बसवत होतो. फरशीवरचं सगळ्यात उंच ठिकाण शोधून तिथून सुरुवात केली, बाकी ठिकाणी खाली पॅकिंग देत गेलो, चारी अंगांनी बबल मधे आणला. कपाट उभं राहिलं आणि घरच्या काकू म्हणाल्या, "मेस्त्री, वाकडं दिसतंय हो." दिसत होतंच. वरची तुळई उजवीकडं उतरलेली, त्यामुळं कपाटाच्या वर एका टोकाला काहीच फट नाही आणि दुसऱ्या टोकाला चार बोटं. डोळा तुळईला खरं मानतो, कारण ती मोठी आणि आधीपासून तिथं.

काकूंना मी बबल दाखवला नाही. ट्यूबमधल्या रेघा ज्यानं रोज वाचल्या नाहीत त्याला त्यात काय दिसणार? कपाटाच्या कडेशी ओळंबा सोडला. दोरा आणि कड वरपासून खालपर्यंत समांतर. मग तोच ओळंबा भिंतीशी धरला. दोरा खाली भिंतीपासून तीन बोटं सुटला. त्यांनी हात लावून बघितलं, गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग घरच वाकडंय की." तसंही नाही, काकू, असं मी सांगितलं. ज्यानं बांधलं त्यानं पाणी जावं म्हणून उतार दिला, भिंत टिकावी म्हणून आत घेतली. ते त्याच्या कामाला बरोबर होतं.

अशा ठिकाणी काय लेव्हलमध्ये ठेवायचं आणि काय घराच्या रेषेत जाऊ द्यायचं, हे ठरवणं हेच सुताराचं खरं काम. शटर, ड्रॉवर, फळ्या, ओटा यांना जमिनीची ओढ कळते. ते लेव्हलमध्येच पाहिजेत, तिथं तडजोड नाही. वरची झाकणपट्टी, पायाची पट्टी, भिंतीकडच्या कडा यांना फक्त दिसायचं असतं. त्या मी भिंतीला आणि तुळईला धरून, पेन्सिलीनं रेघ उतरवून, रंधून बसवतो. चार बोटांची निमुळती पट्टी कपाटाच्या रंगाची केली तर डोळ्यांत खुपते, भिंतीच्या रंगाची केली तर भिंतीत जाते. त्या घरात चुन्याचा पांढरा दिला. बबल बघून काम करणारे आणि नजरेनं काम करणारे असे दोन तट आमच्या धंद्यात आहेत, मी पहिल्यातला. पण लेव्हल कुठं लावायची नाही हेही कळायला हवं.

नवीन वस्त्यांचं दुखणं वेगळं. काळ्या मातीवर पाया कमी खोल घेतलेली घरं असतात. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आक्रसते, तिच्याबरोबर जोतं हलतं. मार्चमध्ये ओळंब्यात बसवलेली चौकट ऑगस्टमध्ये अडकते आणि गिऱ्हाईक फोन करून सुताराला धरतं. अशा घरात मी चौकट बसवली की लेव्हल लावलेले फोटो काढून ठेवतो, चारी जागांचे, बबल स्पष्ट दिसेल असे. त्यात खोटं पडायची भीती नाही, पट्टी माझी तपासलेली असते.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं धुऊन पुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी मशिनं बंद, वर्कशॉप झाडलेलं, टेबल मोकळं. पूजेच्या आधी सगळ्या लेव्हल एकेक करून टेबलावर उलटून बघायच्या, हा आमच्याकडचा शिरस्ता आहे. पोरंच बघतात, मी शेजारी उभा राहतो. जी चुकली तिची ट्यूब स्क्रूची असेल तर तिथंच जुळवून घेतात. ट्यूब चिकटवलेली असेल तर खडूनं काट मारून ती पट्टी नुसती सरळकड म्हणून वापरायला काढतात, ट्यूबवर टेप गुंडाळून, म्हणजे घाईत कुणी बबल वाचणार नाही.

यंदा नवीन आलेल्या पोराला स्वतःची लेव्हल घ्यायचीय. पगार झाला की दुकानात मी बरोबर येणार आहे, पण उलटून तोच बघणार. झेरॉक्सचे तीन कागद त्यानं आत्तापासून पाकिटात घडी न करता ठेवलेत.